साखरेच्या फुलाला भट्टी लागत नाही

गेल्या अंकात शिवणवर्गाच्या अहवालाखाली दोन ओळी छापून आल्या होत्या. आपल्या केंद्रात काही मुली केकवर लावायची साखरेची फुले करायला शिकत आहेत, एवढेच त्यांत होते. त्या दोन ओळींवर जेवढी विचारणा झाली तेवढी शिवणवर्गावर कधी झाली नव्हती. काहींनी कौतुकाने विचारले, काहींनी जरा रागाने. वसईच्या एका देणगीदार काकांनी तर स्पष्टच लिहिले, की ज्या पाड्यावर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी हंड्यांची रांग लागते, तिथे केकवरची फुले शिकवणे म्हणजे उपाशी माणसाच्या हातात अत्तराची बाटली देणे होय. प्रश्न रास्त आहे. हा वर्ग मी घेते, म्हणून उत्तराचे काम संपादकांनी माझ्याकडे सोपवले आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. आपण मुलींना केक करायला शिकवत नाही. तो विचार झाला होता आणि तो सोडून दिला, हेच बरे झाले. केकला ओव्हन लागतो आणि ओव्हनला न जाणारी वीज लागते. अंडी, लोणी, क्रीम हा सगळा नाशवंत माल. क्रीमचा केक फ्रिजबाहेर फार वेळ टिकत नाही आणि त्याचे गिऱ्हाईक तर दोन-अडीच तासांच्या अंतरावर. डहाणू-तलासरीच्या आतल्या पाड्यावर बसून हा धंदा करायचा म्हणजे रोज नुकसान मोजायचे.

केकवरच्या फुलाचे मात्र सगळेच वेगळे आहे. त्याला भट्टी नको, शेगडी नको, फ्रिज तर मुळीच नको. पिठीसाखर, डिंकाची पावडर, थोडे पाणी आणि दोन हात. ते वाऱ्यावर वाळते. एकदा खडखडीत वाळले की कोरड्या डब्यात महिनोन्‌महिने जसेच्या तसे राहते. वजन जवळजवळ नाहीच. चाळीस-पन्नास फुलांचे खोके मांडीवर घेऊन मुलगी लोकलने विरारला उतरू शकते. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली, त्याचा उपयोग असाही होतो. केकच्या सगळ्या धंद्यात पाड्यावर बसून करता येईल असा हा एकच भाग आहे, आणि गंमत म्हणजे सर्वांत जास्त वेळ खाणारा भागही हाच आहे. शहरातल्या केकवाल्या बाईला हा वेळ काढणे जड जाते.

गिऱ्हाईक कुठले, हे वसईच्या वाचकांना मी सांगायला नको. आपल्याकडचे लग्न दोन-तीन मजली केकशिवाय होत नाही. आगमनकाळात आणि उपवासकाळात लग्ने टाळली जातात, त्यामुळे नाताळ झाला की राखेच्या बुधवारापर्यंत आणि पुन्हा ईस्टरनंतर पावसापर्यंत हॉल मिळत नाहीत. या दोन हंगामांत फुलांची मागणी असते.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सांगते. दिवाळी झाली, भात झोडून झाला की आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला मूलबाळ घेऊन जावे लागते. परत येतात ते पावसाच्या तोंडावर. म्हणजे भट्टीचा हंगाम आणि साखरेच्या फुलांचा हंगाम एकच. दहावी-बारावी झालेली मुलगी या महिन्यांत घरी राहून चार पैसे मिळवू शकली, तर तिच्यासोबत आजी आणि शाळेत जाणारी धाकटी भावंडे मागे राहू शकतात. पावसाळ्यात हवेच्या ओलीमुळे फुले होतच नाहीत, पण त्या चार महिन्यांत त्यांना आवणीला शेतावर जायचेच असते. एवढा मेळ बसणारे दुसरे काम निदान मला तरी माहीत नाही.

हे फूल होते कसे, ते आता पाहू. नुसती साखर आणि पाणी मळले तर गोळा होतो, पण लाटायला गेले की फुटतो. पातळ लाटता येण्यासाठी त्यात ताण धरणारे काहीतरी हवे, आणि ते काम डिंक करतो. युरोपात सोळाव्या शतकापासून साखरेच्या पिठात ट्रॅगाकँथ नावाचा डिंक घालत. तो इराण-तुर्कस्तानकडच्या काटेरी झुडपांचा. १६०० साली फ्लॉरेन्सला मारिया दे मेदिची हिच्या लग्नाची मेजवानी झाली, तिथे साखरेच्या पुतळ्यांनी टेबले सजवली होती. म्हणजे लग्नात साखरेची शोभा मांडणे हे खूळ काही आजचे नव्हे. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे नव्या सुनेला संक्रांतीला हलव्याचे दागिने घालतात, तेही साखरेचेच. नाताळला आपण घरी करतो ते मार्झिपान मात्र या कामाला चालत नाही. त्यातल्या काजू-बदामाला तेल सुटते, त्यामुळे ते फार पातळ होत नाही.

आज ट्रॅगाकँथ महाग पडतो. त्याऐवजी सीएमसी नावाची पांढरी पावडर वापरतात. टायलोज या नावाने जी मिळते तीही त्याच जातीची. लाकडाच्या किंवा कापसाच्या लगद्यापासून ती कारखान्यात होते. इथे थोडे विषयांतर करते. आपल्या डोंगरात कांडोळीचे झाड आहे, पांढऱ्या गुळगुळीत खोडाचे. त्याचा डिंक परदेशी बाजारात ‘भारतीय ट्रॅगाकँथ’ म्हणून विकला जाई. हे वर्गात सांगितले तेव्हा एक मुलगी म्हणाली, “माझा आजा तोच डिंक गोळा करून बाजारात न्यायचा, पण तो कशाला लागतो ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.” मग तोच का वापरू नये, असे लगेच विचारले गेले. दोन कारणे आहेत. तो पाण्यात फुगतो पण पुरता विरघळत नाही, आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास असतो. नाजूक पाकळीत दोन्ही खपत नाहीत.

आमच्या वर्गातले प्रमाण असे आहे: अर्धा किलो बारीक पिठीसाखर, २० ग्रॅम सीएमसी, ६० मिलिलिटर पाणी, एक मोठा चमचा लिक्विड ग्लुकोज, दोन छोटे चमचे वनस्पती तूप आणि लिंबाचे चार थेंब. पाणी कोमट करून त्यात ग्लुकोज आणि तूप विरघळवायचे, साखरेत पावडर नीट मिसळून घ्यायची आणि मळायचे. आधी ते हाताला चिकटते, मग एकदम ऐकू लागते. पुस्तकांतल्या बऱ्याच कृतींत अंड्याचा पांढरा बलक किंवा जिलेटिन असते. आम्ही दोन्ही घालत नाही, कारण तलासरीच्या पलीकडे गुजरात लागतो, आणि उमरगाव-वापीकडच्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न अंड्याचा आणि दुसरा जिलेटिनचा असतो. मळलेला गोळा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून एक दिवस ठेवायचा. डिंक पूर्ण फुगायला तेवढा वेळ लागतो. घाई केली तर पाकळीच्या कडा फाटतात. साखर घरच्या मिक्सरवर दळलेली असेल तर ती मलमलच्या कापडातून गाळल्याशिवाय घेऊ नये. एक जाड कण पाकळीत आला की लाटताना तो रेघ ओढत जातो.

साखर ओल ओढून घेते, हे मिठासारखेच सर्वांना माहीत आहे. फेब्रुवारीत रात्री केलेली पाकळी सकाळी कडक असते. जूनच्या अखेरीस तीच पाकळी तिसऱ्या दिवशीही वाकते. वाळली की नाही हे पाहायची आमची खूण म्हणजे आवाज. नखाने टिचकी मारली की कपबशीसारखा ‘टक्‌’ असा आवाज यायला हवा. हलव्याला काटा यायला थंडी लागते असे म्हणतात, आमच्या फुलांना कोरडा वारा लागतो.

सगळ्या फुलांत मागणी गुलाबाला. तो एका दिवसात होत नाही. पहिल्या दिवशी नुसता शंकू करायचा. तारेच्या टोकाला आकडा वळवून, तो डिंकाच्या पाण्यात बुडवून शंकूत खोचायचा आणि वाळत ठेवायचा. तारांचा हिशेब उलटा असतो. आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. गुलाबाला २० नंबर, मोगऱ्याच्या कळीला २८ किंवा ३०. शंकू पाकळीच्या साच्यापेक्षा उंचीने लहान हवा, नाहीतर पाकळी त्याला पुरी झाकत नाही आणि फुलाच्या पोटात पांढरे टोक दिसते.

दुसऱ्या दिवशी पाकळ्या. गोळ्यातून लागेल तेवढाच तुकडा काढायचा, बाकीचा झाकून ठेवायचा, कारण उघड्यावर त्याला लगेच साय धरते. खाली वर्तमानपत्र ठेवले तर पाकळीतून अक्षरे वाचता यावीत इतके पातळ लाटायचे. मग पाकळी मऊ फोमवर ठेवून तिच्या कडेवरून गोळीचा दांडा फिरवायचा, गोळी अर्धी पाकळीवर आणि अर्धी फोमवर. कड एवढी पातळ होते की आपोआप लहरते. बाजारातला दांडा नसेल तर गुळगुळीत काचेची गोळी काडीला चिकटवून काम भागते. पाकळ्या वाळत घालायला अंड्यांचे नवे, कोरे ट्रे आणि सफरचंदांच्या पेट्यांतले खळग्यांचे कागद, त्यांवर स्वच्छ पातळ कागद अंथरून. बाहेरच्या पाकळ्यांना खोलगटपणा यावा म्हणून त्या चमच्यात वाळवतो.

पहिली पाकळी शंकूभोवती अशी गुंडाळायची की वरचे टोक बंद व्हावे. नंतर दोन, मग तीन, मग पाच. प्रत्येक पाकळी आधीच्या दोन पाकळ्यांच्या जोडावर यायला हवी. ही गोष्ट मी दोन दिवस समजावत होते. शेवटी भट्टीवर चार हंगाम काढलेली एक मुलगी शेजारणीला म्हणाली, “अगं, भिंत रचताना सांध्यावर सांधा येऊ देतात का?” त्यानंतर ती चूक वर्गात कुणी केली नाही. पूर्ण झालेला गुलाब थोडा वेळ उलटा टांगायचा, म्हणजे ओल्या पाकळ्या बाहेर पडत नाहीत, आत मिटून राहतात.

रंग शेवटी, कोरड्या पावडरीचा, ब्रशने. इथे नवशिक्यांचा हात सुटतो आणि फूल मेणाचे दिसू लागते. खोलात गडद, कडेला पुसट, आणि कुठेतरी थोडा डागही हवा. पान हिरवे असते असे आपण म्हणतो, पण गुलाबाच्या कोवळ्या पानाला तांबूस झाक असते. ती दिली की माणसे जवळ येऊन पाहतात. मग किटलीच्या वाफेवर दोन-तीन सेकंद धरायचे. रंग बसतो आणि कोरडी भुकटी दिसत नाही. जास्त धरले तर साखर विरघळू लागते.

पानांवरच्या शिरांचे रबरी साचे विकत मिळतात आणि ते महाग असतात. गुलाबाचे फवारणी नसलेले खरे पान धुऊन, त्याची पाठची बाजू साखरेवर दाबली तरी शिरा उमटतात. प्रशिक्षणाच्या कोऱ्या पुस्तकापेक्षा खरे फूल उकलून पाहणे मला जास्त भरवशाचे वाटते, आणि त्यात या मुलींचा हात कुणी धरणार नाही. आम्ही कळलावी करायला घेतली होती, पावसाळ्यात कुंपणावर चढते ती. माझ्याजवळच्या छापील नमुन्यात सहा पाकळ्या आणि मधोमध सरळ उभी काडी होती. एका मुलीने तो कागद बाजूला सारला. तिच्या म्हणण्याप्रमाणे मधली काडी बुडाशीच काटकोनात वळून एका बाजूला जाते, आणि फूल आधी हिरवट पिवळे उमलून मग तांबडे होत जाते, त्यामुळे एका वेलीवरची दोन फुले सारख्या रंगाची नसतात. वेलीवर जाऊन पाहिले, तसेच होते. पाकळ्या मागे वळलेल्या हव्यात म्हणून तिने फूल टांगले नाही, सरळ उभे वाळवले. ओली पाकळी आपल्याच भाराने मागे झुकली.

ती कळलावी सुंदर झाली होती, आणि केकवर साखरेचेच फूल का लावावे याचे उत्तरही तीच आहे. हल्ली केकवर खरी फुले खोचायची पद्धत आली आहे. दिसते छान, पण कळलावीचा प्रत्येक भाग विषारी असतो, कंद तर सर्वांत जास्त. कण्हेर विषारी, धोतरा विषारी. दारात सहज मिळणारी ही फुले केकला टेकवणे म्हणजे खेळ नव्हे. बाजारातला गुलाब विषारी नाही, पण तो खाण्यासाठी पिकवलेला नसतो, त्यावर कीटकनाशक मारलेले असू शकते. पाड्यावरच्या मुलींना कोणते झाड गुरे तोंडात घेत नाहीत हे लहानपणापासून ठाऊक असते, म्हणून त्यांना हे एकदाच सांगावे लागले. गिऱ्हाइकांना दर वेळी सांगावे लागते.

अर्थात साखरेचे फूलही सगळे खायचे नसते, कारण आत तार असते. प्रत्येक खोक्यात आम्ही मराठीत आणि गुजरातीत चिठ्ठी ठेवतो, की केक कापण्याआधी तारेची फुले काढून घ्या, लहान मुलांच्या हातात देऊ नका. तार थेट केकमध्ये खुपसू नये. जाड स्ट्रॉचा तुकडा केकमध्ये रोवून त्यात तार बसवावी. चकाकी हवी म्हणून हस्तकलेच्या दुकानातली चमकी कुणी मागितली तर आम्ही नाही म्हणतो. खाण्याचा रंग आणि राख्यांवर लावायची चमकी या वेगळ्या गोष्टी आहेत. अन्नसुरक्षा खात्याची छोट्या उत्पादकांसाठीची नोंदणी केंद्राच्या नावावर आहे. त्यामुळे नखे, केस, हात, भांडी यांची शिस्त आम्हाला शाळेपेक्षा कडक ठेवावी लागते.

सर्वांत मोठी अडचण निराळीच निघाली. हल्लीचे बहुतेक केक व्हिप क्रीमचे असतात आणि ते फ्रिजमध्ये राहतात. फ्रिजमधून बाहेर काढले की थंड फुलावर हवेतली ओल जमते, घाम यावा तशी, आणि सुंदर गुलाब अर्ध्या तासात मान टाकतो. केकवाल्या बायकांनी पहिल्या हंगामात तक्रारी केल्या त्या याच. फुलाचा दोष नव्हता, पण ऐकून तर आम्हालाच घ्यावे लागले. आता आम्ही फुलांचा गुच्छ वेगळ्या खोक्यात देतो आणि हॉलवर केक मांडल्यानंतर, शेवटच्या घडीला लावा असे सांगतो. क्रीमला टेकणाऱ्या बाजूला वितळवलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा हात दिला तर क्रीमची ओल वर चढत नाही. वर आयसिंगची जाड पोळी पसरलेला फ्रूटकेक असेल तर यातले काहीच करावे लागत नाही. जुन्या वसईकर केकचे हे एक मोठेपण मी मान्य करते.

आता पैशाचे. यावर मुलींशी जितके तास बोलले तितके गुलाबावरही बोलले नसेन. एका दुकानदाराने आमची फुले हातात घेऊन डझनाचा भाव विचारला, तोही कापडी फुलांच्या हिशेबाने. “साखरच तर आहे,” असे तो म्हणाला. साखर आहे हे खरेच. मध्यम गुलाबाला तीसेक ग्रॅम मिश्रण लागते, म्हणजे अर्ध्या किलो साखरेत वीसच्या आतबाहेर गुलाब. साहित्याचा खर्च किरकोळ. पण सराव झालेल्या हातालाही एका गुलाबामागे, दोन दिवसांचे मिळून, चाळीस मिनिटे लागतात. समजा दिवसाची मजुरी ४०० रुपये धरली आणि दिवस आठ तासांचा, तर तासाला ५० रुपये, म्हणजे एका गुलाबात ३३ रुपयांचा नुसता हात आहे. त्यात साखर, तार, रंग यांचे १० रुपये धरा. शिवाय सहा फुलांत एक फुटते, त्याचा भार उरलेल्या पाचांवर टाका. हे सगळे जमेल तेव्हा ५० रुपयांच्या वर आकडा जातो आणि अजून लोकलचे तिकीट त्यात आलेलेच नाही. हा हिशेब मी फळ्यावर मांडला नाही. प्रत्येकीने आपल्या वहीत, स्वतःच्या फुलाला किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिहिले. पुढच्या वेळी तोच दुकानदार आला तेव्हा एका मुलीने ती वही त्याच्यासमोर उघडून ठेवली. त्याने पूर्ण भाव दिला नाही, पण डझनाचे बोलणे सोडले. बाकीचा माल आम्ही थेट केकवाल्या बायकांना देऊ लागलो.

सर्वांना हे काम जमते असे मी म्हणणार नाही. पहिल्या तुकडीतल्या निम्म्या मुलींनी ते सोडले. काहींच्या तळहाताला घाम येतो, साखर हाताला चिकटते. कॉर्नफ्लॉर लावून लावून पाकळी कोरडी होते आणि तडकते. काहींना एका जागी तीन तास बसवत नाही, त्या शिवणवर्गात गेल्या, एक रोपवाटिकेत लागली. ज्या राहिल्या त्या मोगरा फार सुंदर करतात. विक्रमगड-जव्हारकडे आदिवासी शेतकरी मोगऱ्याची शेती करतात, त्यामुळे पहाटे कळी तोडताना ती कशी दिसते, देठाशी किती हिरवी असते, हे त्यांतल्या दोघींना सांगावे लागले नाही. मोगऱ्याच्या कळ्यांत आणखी एक सोय आहे. त्या लहान असतात, फुटत नाहीत आणि गुलाबाच्या चौथ्या हिश्श्यात होतात. गजऱ्यासारखी सर करून केकभोवती फिरवली तर कमी खर्चात मोठे काम दिसते. व्यवसाय म्हणून पाहिले तर गुलाबापेक्षा मोगरा बरा, असे आता माझे मत झाले आहे.

वारली चित्रांचे केक करून द्याल का, अशी विचारणा नेहमी होते. ते उत्तर मी मुलींवरच सोडले. तारपा नाच, भातलावणी, झाडे, पक्षी हे साखरेच्या पातळ पत्र्यावर तांदळाच्या रंगासारख्या पांढऱ्या आयसिंगने काढून द्यायला त्या तयार आहेत. लग्नातला चौक मात्र काढणार नाहीत, कारण केक सुरीने कापतात. गिऱ्हाइकाला आम्ही तसेच सांगतो, आणि आजवर त्यावर कुणी वाद घातलेला नाही.

ईस्टरनंतरच्या लग्नांची कामे आता हातात आहेत. त्यानंतर पावसाआधी महिनाभरात जेवढी फुले होतील तेवढी करून ठेवायची आहेत, म्हणजे पुढच्या नाताळाला सुरुवातीचा माल तयार असेल. त्यासाठी हवाबंद झाकणाचे डबे हवेत. बिस्किटांचे पत्र्याचे मोठे डबे चालतील, पण झाकण घट्ट बसणारे. बुटांच्या किंवा औषधांच्या खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या फेकू नका, साठवून पाठवा. आम्ही त्या उन्हात वाळवून, डब्यात फुलांना न लागतील अशा कापडी पिशवीत ठेवतो. कुणाकडे पास्ता लाटायचे हाताचे यंत्र पडून असेल तर त्याची फार गरज आहे, लाटण्याने सगळ्यांच्या पाकळ्या सारख्या जाडीच्या होत नाहीत. केकचे जुने साचे आणि ओव्हन कृपया पाठवू नका. दोन ओव्हन आले आहेत आणि त्यांत सध्या आम्ही वह्या ठेवतो.